सीट जास्त आहे आणि पार्टी वीस दिवसांवर आहे: कॉकटेल ड्रेस कसा निवडावा?

प्रश्न विचारणारी मुलगी कोथरूडला राहते, हिंजवडीत नोकरी करते. कंपनीची पार्टी कोरेगाव पार्कातल्या हॉटेलात, वीस दिवसांवर, आणि निमंत्रणावर ‘कॉकटेल’ असं लिहिलंय. उंची पाच फूट एक इंच. छाती ३४, कंबर ३१, सीट म्हणजे नितंबांचा घेर ४१ इंच. बाळ दहा महिन्यांचं, अजून अंगावर पितं. पोट पूर्ण उतरलेलं नाही, दंड जाड वाटतात. फोनवरच्या एका ॲपनं तिला ‘पेअर शेप’, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा नाशपातीच्या आकाराची ठरवलं. त्यानुसार दोन ड्रेस मागवले आणि दोन्ही परत पाठवले. आता तिला पेअर शेपला शोभेल असा एकच ड्रेस हवाय. शिवाय आईची जुनी रेशमी साडी कापून तो शिवता येईल का, हेही विचारलंय.

मी एरंडवण्यात बावीस वर्षं लेडीज टेलरिंग करते. सुरुवात ब्लाउजपासून झाली, ड्रेस आणि गाऊन नंतर आले. एवढ्या वर्षांत टेप लावून कुणाला ‘तुम्ही पेअर आहात’ असं सांगितलेलं मला आठवत नाही. आम्ही ‘सीट जास्त आहे’ म्हणतो आणि वहीत आकडा लिहितो. ‘सीट जास्त’ असेल तर कात्रीनं काहीतरी करता येतं. फळाचं काय करणार?

तुमची अडचण मला अशी दिसते. रेडीमेड ड्रेस एका ठरावीक मापाच्या बाईसाठी कापलेला असतो आणि तिची सीट छातीपेक्षा साधारण तीन-चार इंचांनी जास्त धरलेली असते. तुमची सात इंचांनी जास्त आहे. त्यामुळे छातीच्या मापाचा ड्रेस घेतला की तो सीटवर अडकतो. सीटच्या मापाचा घेतला की खांदे दंडावर उतरतात आणि काखेत कापड गोळा होतं. परत पाठवलेले दोन ड्रेस बहुधा एक या जातीचा आणि एक त्या जातीचा असणार.

साडीत हा प्रश्न येत नाही. का, ते बघा. साडी परकराच्या नाडीवर, म्हणजे फक्त कमरेवर धरलेली असते. खाली सीट अडतीस असो की अठ्ठेचाळीस, निऱ्या कमीजास्त होतात आणि भागतं. ड्रेस निवडतानाही मी हेच बघते: कापड अंगाला कुठं धरणार आणि कुठून पुढं सुटं होणार. ज्या जागी बाईचं माप नेमकं आणि स्थिर आहे तिथं धरावं, जिथं माप बदलतं किंवा जास्त आहे तिथं सोडावं. तुमच्या अंगावर धरण्याजोग्या जागा दोन, खांदे आणि छातीखालचा भाग. कंबर सध्या बदलती आहे, तिच्यावर पूर्ण भरवसा नको. सीट तर सोडायचीच.

आता जे मला इथून सांगता येणार नाही ते. तुम्ही तीन घेर दिलेत, पण धडाच्या लांबीचं एकही माप दिलेलं नाही आणि माझ्या मते निम्मा ड्रेस तिथं ठरतो. परकराची एक नाडी घ्या, पोटाभोवती सैलसर बांधा आणि तीन-चार वेळा डावी-उजवीकडे वाका. नाडी सरकत जिथं जाऊन बसेल ती तुमची खरी कंबर. बहुतेकजणी कंबर म्हणून बेंबीवर टेप लावतात, ती ही नव्हे. मग मानेमागच्या हाडापासून त्या नाडीपर्यंत घरात कुणाकडून तरी मोजून घ्या. तुमच्याच उंचीच्या बायकांत हे माप मला चौदापासून सोळा इंचांपर्यंत मिळालेलं आहे. चौदा म्हणजे धड आखूड, पाय लांब. अशा वेळी कमरेवर रुंद पट्टा लावला की छाती आणि सीट यांच्यामध्ये जागाच उरत नाही, बाई ठेंगणी दिसते. सोळा म्हणजे उलटं. तिथं कमरेची शिवण पाऊण इंच वर चढवली तरी पाय लांब वाटतात. तीन आकडे तेच असले तरी या दोघींचे ड्रेस वेगळे होतात.

दुसरं माप पोटाचं. कमरेचे ३१ इंच पुढून किती आणि मागून किती? बगलेतून सरळ खाली ओळ धरून मोजा. बाळंतपणानंतर पुढं १७ आणि मागं १४ असं माप मी कितीदा तरी लिहिलंय. शिंप्यानं हे न बघता निम्मंनिम्मं कापलं की बाजूची शिवण पुढं ओढली जाते आणि ड्रेसचा खालचा घेर पुढून वर उचलतो. बाई आरशात बघते आणि म्हणते, माझं पोट दिसतंय. खरं तर तिला पुढून पाऊण इंच आखूड झालेला ड्रेस दिसत असतो. पुढच्या भागाला ते कापड वाढवून दिलं की ‘पोट’ निम्मं गायब होतं. हे मी अतिशयोक्तीनं सांगत नाही. ट्रायलला टाचण्या काढून-लावून दाखवलेलं आहे.

सीटचं आता आकड्यांत बघू. तुमच्या कमरेला अर्ध्या घेराचा स्कर्ट लावला, म्हणजे अर्धवर्तुळात कापलेला, तर कमरेखाली आठ इंचांवर, जिथं सीट सगळ्यात जास्त असते, तिथं त्याचा घेर सुमारे ५६ इंच होतो. तुमची सीट ४१. सीटला तो जेमतेम टेकतो. पूर्ण वर्तुळाचा कापला तर त्याच जागी ८१ इंच होतात. एवढं कापड पाच फूट एक इंचाच्या मुलीवर छत्रीसारखं उभं राहतं. याउलट सरळ स्कर्टला सीटवर दोन-तीन इंच लूज देऊन ४४ इंच मिळतात. तोही चालतो, पण बसल्यावर मांडीवर चढतो आणि उठल्यावर दर वेळी हातानं खाली ओढावा लागतो. पार्टीत दहा वेळा ते करायचं असेल तर घ्या. तुमच्यासाठी मी अर्ध्या घेराच्या आसपास राहीन, किंवा सहा कळ्यांचा ए-लाइन, म्हणजे वरून खाली रुंद होत जाणारा करीन, सीटवर ४८-५० इंच येतील असा. कळ्यांच्या उभ्या शिवणी नजर वरून खाली नेतात, तो फायदा वेगळाच.

तरी तुम्ही एकच ड्रेस सांगा म्हणताय, तर माझा कौल रॅप ड्रेसला आहे. पुढून एक बाजू दुसरीवर येणारा, कडेला बांधायचा, खाली ए-लाइन. हा प्रकार जगभर पोहोचवला तो फॅशन डिझायनर डायान फॉन फर्स्टनबर्ग यांनी, १९७४ मध्ये, जर्सीच्या कापडात. पण एकावर एक बाजू घेऊन बंदांनी बांधायची कल्पना आपल्याला नवी कुठे आहे? अंगरखा तसाच, बाराबंदी तशीच, तुमच्या बाळाचं झबलंही तसंच. बांधायचं असल्यामुळे कंबर ३१ असो की दोन महिन्यांनी २९, ड्रेस तोच राहतो. पोटावरून चुण्या तिरप्या जातात, त्यामुळे पुढं आलेला भाग वेगळा उठून दिसत नाही. आणि तुम्ही जे जाता-जाता लिहिलंत, की बाळ अंगावर पितं, ते माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. पाठीला चेन असलेला ड्रेस घालून तीन-चार तास बाहेर राहणं तुम्हाला जमणार नाही. शिवाय अशा दिवसांत छातीचं माप सकाळी एक आणि रात्री एक असतं. ३४ हा आकडा तुम्ही कधी घेतलात, बाळाला पाजण्याआधी की नंतर? पार्टी रात्रीची आहे, तर माप संध्याकाळी घ्या, आणि त्या दिवशी जी ब्रा घालणार तीच घालून घ्या.

रॅप ड्रेसला दोन खोडी आहेत. वाकलं की गळा उघडतो, बसलं की खालून उघडतो. गळ्याची कड तिरकी कापलेली असते म्हणून ती हाताळतानाच ताणली जाते. मी कापल्याबरोबर त्या कडेला आधी एक टीप मारून घेते. मग आतून उभ्या धाग्याची अरुंद पट्टी लावते, कडेपेक्षा अर्धा इंच कमी लांबीची. ती पट्टी गळ्याला अंगाकडे ओढून धरते. छातीपाशी आतून एक टिच बटण. खालच्या उघडण्याचा उपाय म्हणजे वरची बाजू पलीकडच्या शिवणीपर्यंत पूर्ण जायला हवी. कापड वाचवायला शिंपी ती मध्याच्या जरा पुढं नेऊन सोडतात, तिथं भांडायचं. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर मी या मापाला तीन मीटर मागवते.

दंडांबद्दल मी थोडक्यात सांगते. बाहीची कड जिथं संपते तिथं डोळा थांबतो, म्हणून दंडाच्या सगळ्यात जाड जागी संपणारी आखूड बाही नको. कोपराच्या जरा वर संपवा. जॉर्जेटची, बिनअस्तराची केलीत तर जडही दिसत नाही. बिनबाहीचा घालायचा असेल तर तोही बिनधास्त घाला, फक्त मुंढा, म्हणजे हात घालायचा काखेचा गोल काप, नीट हवा. मुंढा खोल कापला की काखेची वळकटी बाहेर येते आणि हात वर केला की सगळा ड्रेस वर जातो. लोकांना वाटतं मुंढा खोल म्हणजे मोकळा. खरं तर उलटं असतं. काखेच्या जवळ घेतलेला मुंढाच हाताला मोकळा ठेवतो.

ड्रेसच्या उंचीचा प्रश्न आरशासमोर सोडवा. एक चादर दुमडून कमरेवर धरा आणि खालची कड हळूहळू वर आणा. गुडघ्याच्या जवळपास दोन जागा अशा सापडतील जिथं पाय बारीक आहे, एक गुडघ्याच्या जरा खाली आणि एक जरा वर. त्यांतली जी आवडेल तिथं थांबा. पोटरीच्या मध्यावर, जिथं ती सगळ्यात भरीव असते, तिथं ड्रेस संपवू नका. तुमच्या उंचीला खांद्यापासून अंदाजे ३६-३७ इंच येतील.

हीच उंची कॉकटेल ड्रेसचीही मानतात, गुडघ्याच्या आसपास. दिवसाच्या पोशाखापेक्षा जरा खास आणि जमिनीवर लोळणाऱ्या गाऊनपेक्षा सुटसुटीत, संध्याकाळी उभ्यानं पेयं घेत गप्पा मारण्यासाठी. १९२०च्या दशकात ही पद्धत रुळली. काळाच रंग हवा हा समज त्याच काळातला. फ्रेंच डिझायनर शनेलच्या साध्या काळ्या ड्रेसचं रेखाटन ‘व्होग’ या फॅशनच्या मासिकानं १९२६ मध्ये छापलं आणि त्याची तुलना फोर्ड मोटारीशी केली, म्हणजे सगळ्यांना परवडेल आणि शोभेल असा. छान गोष्ट आहे, पण तुम्हाला काळा आवडत नसेल तर पुण्यात निमंत्रण हातात घेऊन कुणी दारात तपासत नाही.

कापडाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. तुम्ही परत पाठवलेल्यातला एक सॅटिनचा होता असं लिहिलंय. सॅटिन चकाकतं, म्हणजे जो भाग पुढं आहे तिथं उजेड आणि त्याच्या कडेला सावली पडते. पोट, मांडी, आतल्या कपड्यांची इलास्टिक, सगळ्याचा नकाशा दिसतो. सिक्विनचं तेच, वर ते बसल्यावर टोचतं. तुम्ही जाडसर, वजनदार क्रेप घ्या, मंद पोताचा. तो खाली पडतो, अंगाला चिकटत नाही. टाफेटासारखं कडक कापड घेरात बाहेर फुगतं, ते नको. लक्ष्मी रोडला किंवा रविवार पेठेत क्रेप बघताना ठाणातलं मीटरभर कापड उलगडून हातावर लटकवून बघा. झोपलेल्या हातासारखं सैल पडलं पाहिजे. आणि रंग ठरवायच्या आधी कापड दुकानाच्या दारापर्यंत आणा. पांढऱ्या दिव्यात वाइन वाटणारा रंग हॉटेलच्या पिवळ्या उजेडात तपकिरी होतो, नेव्ही ब्लू काळा होतो. अस्तर मॅचिंग सेंटरमधून घ्या, पण कमरेखाली ते ड्रेसला जोडून न शिवता सुटं ठेवायला सांगा, नाहीतर दोन्ही मिळून मांडीवर चढतात.

तिरप्या कापडाबद्दल एक गोष्ट स्वतःच्या खर्चानं शिकलेली आहे. दुकान सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. एका गिऱ्हाइकाचा जॉर्जेटचा घेरदार ड्रेस घाईत शिवला, त्याच दिवशी खालची दुमड घालून दिला. दुसऱ्या दिवशी समारंभ आटोपून बाई ड्रेस घेऊन परत आल्या. दोन्ही बाजूंनी तो दोन-दोन इंच खाली लोंबत होता, पुढं-मागं मात्र सरळ. घेरात जिथं कापड उरेब, म्हणजे तिरपं येतं तिथं ते स्वतःच्या वजनानं ओघळतं, आणि मी ते ओघळू न देताच कड कापली होती. बाई काही बोलल्या नाहीत. ‘फोटो काढायचा होता, पण मी कुणाला काढू दिला नाही’, एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून घेराचा कपडा एक रात्र हँगरला टांगल्याशिवाय मी त्याची खालची कड ठरवत नाही. तुमचा शिंपी ‘आज या, आज देतो’ म्हणाला तर हे आठवा.

आता आईची साडी. आधी आईला विचारलंय का? विचारलं असेल तर साडी उजेडासमोर धरून घड्या बघा. जुनं रेशीम घडीवर आधी विरतं. दोन्ही हातांनी हलकेच आडवं ताणून बघा, धागे सरकून फट दिसली तर ते कापड शिवणीवर टिकणार नाही, तुम्ही खुर्चीत बसताच सीटवर उसवेल. अंगासरशी ड्रेस त्यातून शिवू नका. शिवाय सवयीनं आपण काठ खाली घेराला लावतो. पाच फूट एक इंचावर तो आडवा काठ उंचीचे दोन तुकडे करतो. तुम्हाला साडी हवीच असेल तर ड्रेस क्रेपचा आणि रॅपची जी कड कमरेपासून खाली जाते तिला फक्त काठ. उभा काठ, अंगरख्याच्या कडेसारखा. पदरातून बांधायचा बंद. बाकी साडी आईला परत.

म्हणजे मी इतका वेळ सांगतेय ते एवढंच: खांद्यावर नेमका बसणारा, छातीखाली बांधलेला, कमरेखाली सुटा, मंद पोताच्या क्रेपचा रॅप ड्रेस, आणि पुढच्या भागाला पोटापुरतं जादा कापड. शिवायचा नसेल, रेडीमेडच घ्यायचा असेल, तर खांद्याला बसणारा आणि खाली घेर असलेला घ्या. सीटचं माप मग बघायलाच नको. सरळ कटाचा आवडला तर सीटच्या मापाचा घ्या आणि वरून आवळून घ्या. सैल कपडा आवळता येतो. घट्ट सैल करायचा तर आत माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेलं जादा कापड लागतं, आणि ऑनलाइन आलेल्या ड्रेसची शिवण मी उसवते तेव्हा आत बऱ्याचदा पाव इंचाच्या वर माया नसते. पोट आवळणारी जी अंतर्वस्त्रं मिळतात त्यांच्या नादी या वेळी लागू नका. दोन तासांनी श्वास घेता येत नाही आणि आवळलेलं सगळं वर छातीखाली येऊन बसतं.

वीस दिवस पुरेसे आहेत, पण डिसेंबर आहे, लग्नसराई आहे, शिंपी दोन आठवड्यांच्या पुढची तारीख देतील. म्हणून कापड या शनिवारीच घ्या. शिंपी कोण घ्यावा? ज्यांच्या ब्लाउजचे टक्स, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या चिमटी, नीट बसतात, त्यांना छाती आणि मुंढा कळतो, निम्मं काम तिथं झालं. खालच्या भागासाठी त्यांना मांजरपाटात एक कच्चा ड्रेस करून ट्रायल द्यायला सांगा. दोन-अडीचशे रुपयांचं कापड जाईल, पण तीन मीटर क्रेप वाचेल. कुरकुर करतील. करू द्या, मीही करते.

ट्रायलला बाळाला बरोबर न्या. ड्रेस घालून स्टुलावर बसा, बाळाला जमिनीवरून उचला, कडेवर घ्या, हात वर करून केस बांधा. गळा कुठं उघडतो, मुंढा कुठं ओढतो, बंद कुठं सुटतो, ते तिथंच टाचणीनं धरायला लावा. आणि त्या दिवशीच्या सँडल पिशवीत घेऊन जा. ड्रेस एक रात्र टांगून झाल्यावर, त्या पायात घालून, खालची दुमड सगळ्यात शेवटी घालायची.